रांगेतलं भूत आणि कणसवाल्याचा चिमटा

मंगळवार, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं. मेक्सिकोतल्या मेहिकालीच्या सीमानाक्यापुढे अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांची रांग, सावलीत पंचेचाळीस अंश, आणि सावली कुठेच नाही. सातव्या लेनमध्ये नोएमी ओलाचेआच्या करड्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला.

शेजारी तिचे वडील हासिंतो, वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं ते पलीकडच्या शेतांत राबले, म्हणून म्हातारपणीचा विमा पलीकडचा आणि डोळ्यांचं हॉस्पिटलही पलीकडचं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची वेळ साडेचारची होती. आधीच्या दोन तारखा याच रांगेत, याच गाडीपायी वाया गेल्या होत्या. तिसरी चुकली तर नाव यादीतून काढू, असं हॉस्पिटलने बजावलं होतं.

गाडीचा आजार विचित्र होता. हमरस्त्यावर काटा मध्यावर. गॅरेजवाल्याने दोनदा पळवून पाहिली आणि दोनदा हात वर केले. रांगेत शिरली की मात्र अर्ध्या तासात ताप. याला मेहिकालीत ‘रांगेचं भूत’ म्हणतात. भूत म्हटल्यावर मांत्रिक आलाच.

आला तो एलिसेओ, ज्याला सगळी रांग ‘भाऊ’ म्हणते. पांढरा सदरा, गळ्यात सतरा पदकं, हातात लोखंडी सळई.

“लेकी, एसी बंद कर. हीटर पूर्ण सोड.”

“हीटर? या उन्हात?”

“भुताला गारवा आवडतो. आपण त्याला घाम फोडू.”

“बॉनेट उघडू?”

“खबरदार! उघडलंस तर ते शेजारच्या गाडीत शिरेल.”

शेजारच्या गाडीवाल्याने घाईघाईने काच वर केली.

बॉनेट बंद ठेवायला तशी कोणाचीच हरकत नसते. रांगेत बॉनेट उघडलं की मागचे लोक पुढे घुसतात, टोइंगवाला येतो आणि गाडी ओढून रांगेच्या शेपटाला नेऊन ठेवतो. त्यामुळे धूर निघाला तरी मेहिकालीकर बॉनेट उघडत नाही.

एलिसेओने बॉनेटला कान लावला. डोळे मिटले. मग पुढच्या जाळीतून सळई आत घातली आणि तीनदा ठोकलं. “नीघ! नीघ! नीघ रे हलकटा!”

आतून घर्र आवाज आला. चार मिनिटांत काटा खाली. काचा उतरल्या, टाळ्या पडल्या. हासिंतोंनी छातीवर क्रूस काढला.

पुढचा रुग्ण एक पिकअप. तिचा पाण्याचा पाइप फुटून रस्त्यावर तळं झालं होतं. सळई तीनदा वाजली, सहादा वाजली. “तुझी श्रद्धाच गळकी आहे,” असं सांगून एलिसेओ पुढे सरकला.

दोनपासून त्याने नऊ गाड्या ठोकल्या होत्या. चार थंड झाल्या. उरलेल्या पाच टोइंगवाल्याने नेल्या, त्यामुळे तक्रार करायला रांगेत कोणी उरलं नाही.

तीनला दहा मिनिटं असताना नोएमीचा काटा पुन्हा चढला.

“म्हाताऱ्याच्या मनात शंका आहे,” एलिसेओ म्हणाला.

“माझ्या?” हासिंतो उखडले. “सकाळपासून जप करून घसा बसलाय माझा!”

तेवढ्यात मागच्या गाडीतून ओफेलिया काबानियास उतरल्या. बावीस वर्षं त्या गावातल्या शाळेत विजेचं काम शिकवतात.

“भाऊ, मघाशी कान लावून कोणाचं ऐकत होता? भुताचं, की पंखा बंद आहे का त्याचं?”

त्यांनी सरळ बॉनेट उघडलं. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. “अहो बाई, मारता काय आम्हाला!”

“कोणी पुढे घुसायचं नाही! घंटा अजून झालेली नाही.”

अर्धी रांग त्यांच्या माजी विद्यार्थ्यांची. हॉर्न थांबले.

“रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका, भाजाल. हा पंखा बघा. थांबलाय. गाडी पळते तेव्हा वाराच रेडिएटर थंड करतो. उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. गॅरेजवाल्याने ती पळवून पाहिली, उभी करून पाहिलीच नाही.”

रांगेत भाजलेली कणसं विकत फिरणाऱ्या कणसवाल्याच्या हातातला लांब चिमटा त्यांनी घेतला. “मंत्र हवाच ना? सात एके सात, सात दुणे चौदा...” आणि पंख्याच्या मोटरच्या पाठीवर ठोकलं.

घर्र. पंखा फिरू लागला.

“भुताला पाढे येतात!” कोणीतरी ओरडलं.

“मोटरमध्ये कार्बनचे दोन तुकडे वीज पोचवतात. ते झिजले की नीट टेकत नाहीत. ठोकलं की टेकतात, पण थोडाच वेळ. आणि हीटरने इंजिनातली उष्णता तुमच्या अंगावर घेतली, एवढंच.”

“पण सळईला देवाने...” एलिसेओने सुरुवात केली.

“मग टायरवर ठोका. भूत सगळ्या गाडीत असेल ना?”

एलिसेओने घड्याळ पाहिलं.

बाईंनी आपल्या गाडीतली वायर आणून पंखा थेट बॅटरीला जोडला. “आता थांबणार नाही. उद्या मोटर बदला.” मग रांगेकडे वळल्या. “प्रार्थना करा, कोणाची ना नाही. पण आधी उघडून बघा. आणि उघडू नको असं कोणी म्हणालं, तर त्याच्याकडे जास्त निरखून बघा.”

“बाई, माझा चिमटा,” कणसवाला म्हणाला.

तीन एक्कावन्नला गाडी सीमेपार गेली. शस्त्रक्रिया वेळेवर झाली.

आज बुधवार. सकाळी सातला एलिसेओ तिसऱ्या लेनमध्ये दिसला, सळईसकट. आठला नोएमीने नवी मोटर बसवून घेतली. हासिंतो मात्र ऐकत नाहीत. “मला कुठे काय दिसलं? दोनदा ठकठक ऐकली. पहिली भाऊंची. पुढचं सगळं तिचंच पुण्य.”

नोएमीने वाद घातला नाही. जुनी मोटर तिने खोलून घेतली आणि झिजलेले तुकडे दिसतील अशी डॅशबोर्डवर, बरोबर वडिलांच्या समोर ठेवली. डोळ्यावरची पट्टी अकराला पलीकडच्या हॉस्पिटलात निघायची आहे. दहा वीसला गाडी सातव्या लेनमध्ये उभी होती. काटा मध्यावर होता.