मेहुण्याच्या हातची दोरी

सेवालाल आग्या मोहोळं काढायचा, आणि त्याच्या घराण्यात दोरी धरायचा मान बायकोच्या भावाचा. मान आपलं म्हणायला. हिशेब सरळ होता: सख्खा भाऊ वाटणीच्या लोभानं हात सैल सोडेल, पण मेहुणा आपल्या बहिणीला विधवा करणार नाही. मंजूशी लग्न झालं आणि तिचा भाऊ राजपाल सेवालालला आयता मिळाला.

गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांखाली ही मोहोळं लागतात. टाकीवर चढायचं, तिथल्या कठड्याला दोरीचे वेढे द्यायचे, सेवालालनं दुसरं टोक कमरेला बांधून खाली लोंबकळायचं आणि राजपालनं त्याच्या हाकेसरशी दोरी ढिली सोडायची किंवा ओढून घ्यायची. सेवालालच्या तोंडावर जाळी, अंगावर घोंगडी. राजपालच्या डोक्याला नुसता दुपट्टा, कारण दोरी धरणाऱ्याला घोंगडीत हात चालवता येत नाहीत.

आणि वर जाण्याआधी सेवालाल गांजा ओढायचा. त्याला कसलं दुःख नव्हतं की दुखणं नव्हतं. मजा यायची म्हणून ओढायचा. लोंबकळताना सगळं हलकं हलकं वाटतं म्हणे.

"भाऊजी, आज चिलीम राहू द्या," राजपाल दर खेपेला म्हणायचा. "काम झाल्यावर ओढा ना."

"न ओढता मले वर जाताच येत नाई. पाय लटपटतात. अन् तू हायेस ना दोरीवर, मंग कायचं भेव?"

राजपाल दोरीचे वेढे पुन्हा तपासायचा.

मग शेलूबाजारजवळच्या एका गावातली ती टाकी आली. धूर हळूहळू द्यायचा, माश्या उठून बाजूला होईपर्यंत थांबायचं, एवढं तर सेवालालला लहानपणापासून ठाऊक. पण त्या दिवशी साहेब रंगात आले होते. गात गात त्यानं पेटता पलिता सरळ मोहोळावरच हाणला. माश्या खवळल्या, आणि हा घोंगडीत तोंड लपवून दोरीला लटकून राहिला. माश्या वर गेल्या.

राजपालला दोरी कठड्याला बांधून जिन्यानं पळता आलं असतं. दोन गाठी मारायला कितीसा वेळ लागतो? पण बांधलेली दोरी वर येत नाही आणि खालचा माणूस शुद्धीत नव्हता. म्हणून राजपाल ओढत राहिला. सेवालाल कठड्यावर पोचला तेव्हा राजपालचं तोंड ओळखू येत नव्हतं. वाशिमला नेईपर्यंत तो संपला होता. सेवालालच्या मानेवर दोन-चार डंख होते, त्यांची सूज संध्याकाळपर्यंत उतरली.

दिवसकार्याच्या दिवशी सेवालाल सासरच्या ओसरीत हमसून हमसून रडला. "चिलमीनं माहा मेहुना खाल्ला. मी शुद्धीतच नवतो, मले काय समजते?"

जमलेल्या बंजारा तांड्याला हे पटलं. तांड्याचा मुखिया, नायक फुलसिंग म्हणाला, व्यसन लय वाईट, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. गुन्हा चिलमीच्या नावावर चढला. आता चिलमीला कोण जाब विचारणार? धीर येऊन सेवालाल पुढे असंही बोलला की, "दोरी सोडून पयाला असता तर वाचला असता." ते ऐकून राजपालची आई, धुरपताबाई, उठून आत गेली. मंजू तिथंच बसून राहिली. तिनंही पटवून घेतलं. तिला त्याच नवऱ्याच्या घरी परत जायचं होतं.

पुढच्या हंगामात आसेगावच्या बाजूला काम निघालं. मंजूला दुसरा भाऊ नव्हता.

"तू धर," सेवालाल म्हणाला.

ती तयार झाली. मनाशी एकच ठरवलं होतं: चिलमीचा वास आला तर पायरी चढायची नाही. पण वास आला तो चहाचा. डोळेही पांढरे स्वच्छ. टाकीवर चढून सेवालालनं गाठ तीनदा तपासली, कठडा हलवून पाहिला आणि पाय जराही न डगमगता तो खाली उतरला. पलित्याचा धूर वर येऊ लागला.

"आज ओढली नाई?" तिनं वरून विचारलं.

"बाईमानसाच्या हातात दोरी अन् नशा करू? आज डोकं ठिकानावर पाह्यजे."

"पाय नाई लटपटले?"

"हट, कायचे लटपटतात." तो हसलासुद्धा.

मंजूला आधी नीट कळलं नाही. मग कळलं, आणि संताप आला. म्हणजे याला सोडता येत होती. कधीही सोडता आली असती. राजपाल दोरी सोडणार नाही याची खात्री होती, तोवर याची मजा चालली होती.

तिनं दोरीचे वेढे एकदा तपासले. मग कठड्याला दोन गाठी मारल्या, ओढून घट्ट केल्या आणि ती जिना उतरली.

खाली, कामाला सोबत आलेला फुलसिंग लांब उभा होता. "दोरी कोनाजवळ हाये?"

"बांधून आली."

वरून सेवालाल हाका मारत होता, ढिली सोड म्हणून, ओढ म्हणून. आधी मंजूच्या नावानं, मग सवयीनं राजपालच्या. माश्यांचा आवाज वाढला होता.

"अवं, अन् तो?" फुलसिंग म्हणाला.

मंजूनं पदर डोक्यावर ओढला आणि ती रस्त्याला लागली. "शुद्धीत हाये तो. येईल त्याचा त्याचा वर."