जायच्या गावची पाटी

मी तशी लवकर चिडत नाही, पण त्या दिवशी सकाळी नऊलाच माझं डोकं फिरलं.

आम्ही तिघी वैमानिक. मी राजेश्री, मूळची परभणीजवळच्या झरीची, आता हैदराबादहून प्रवासी विमानं चालवते. सुकेशनी माझ्याच कंपनीत. साक्षी अजून शिकतेय. येत्या बुधवारी तिचं एकटीनं पहिलं लांबचं उड्डाण होतं आणि तिला गंगाखेडजवळच्या छोट्या धावपट्टीवर उतरायचं होतं. तिथल्या खुणा पुसट झाल्यात आणि रंगवायला माणसं नाहीत, असं कळलं. म्हणून आम्ही रजा टाकून, पदरचं पेट्रोल जाळून रंगवायला आलो.

सुपरवायझर दत्तरावांनी आमच्या हातात रांगोळीचे डबे ठेवले. चार वाजता समारंभाला पाहुणे येणार होते, मांडवापुढं रांगोळी हवी होती. ब्रश मागितले तर त्यांनी विचारलं, पायलट साहेब कधी येणारेत? मी सांगितलं, आलेत, तिघंही तुमच्यासमोर उभे आहेत. मग त्यांनी नाइलाजानं रंग काढला.

धावपट्टीवर गेलो आणि साक्षीनं बोट दाखवलं. आकडे उलटे होते.

उतरताना विमानाचं तोंड जिकडं, तिकडचा आकडा लिहितात. पूर्वेकडं तोंड असेल तर ०९, पश्चिमेकडं असेल तर २७. म्हणजे ०९ पश्चिमेच्या टोकाला हवं, कारण तिथं टेकून पूर्वेकडं धावायचं असतं. दत्तरावांनी गेल्या वर्षी रंग देताना पूर्वेचा आकडा पूर्वेला टाकला होता. तेव्हापासून इथं विमानच उतरलं नव्हतं, मग कळणार कुणाला?

बुधवारी पश्चिमेचा वारा असला तर साक्षीला २७वर उतरायला सांगणार. ते तिला भलत्याच टोकाला दिसणार आणि वारा पाठीशी घेऊन ती उतरणार. विमान वेळेत थांबलं नाही तर पुढं ओढा आहे. होकायंत्र असतं, मान्य. पण पहिल्यांदा एकटीनं उतरताना डोळे जमिनीला चिकटलेले असतात. माझे होते.

मी तीनदा समजावलं, कागदावर काढून दाखवलं. दत्तराव मांडववाल्यांकडं बघून हसले.

"सूर्य पश्चिमेला उगवतो का, ताई? बावीस वर्षं डांबरात काढलीत मी. हाय तेच गिरवा."

तानुबाई तिथं झाडत होत्या. या पट्टीवर रोज झाडतात. त्यांनी खराटा टेकवला.

"साहेब, गंगाखेडच्या स्टँडात परभणीची गाडी लागती. तिच्यावर पाटी कुठली असती? जायच्या गावची, का उभी हाय त्या गावची?"

मांडववाल्यांचं हसू थांबलं. दत्तरावांनी तानुबाईंना मांडवामागं झाडायला पिटाळलं. विमानात न बसलेल्यांनी विमानातलं बोलू नये म्हणे. स्वतः कधी बसले होते, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी डायरीचं पान फाडलं.

"लिहून द्या, दत्तराव. 'आकडे बरोबर हायेत, बुधवारी या पोरीला काही झालं तर जबाबदारी माझी.' खाली सही करा."

सही म्हटली की भल्याभल्यांच्या पेनातली शाई वाळते. त्यांनी खिसे चाचपले, कुणाचा तरी फोन आला म्हणाले आणि मांडवाकडं निघून गेले. आम्ही लगेच जुन्या आकड्यांवर काळा रंग फिरवला. दुपारपर्यंत दोन्ही आकडे आपापल्या जागी आले. तापलेल्या डांबरानं गुडघे भाजले, साक्षीच्या तळहाताला फोड आले.

चार वाजता मांडवात फलक होता, 'महिला भगिनींचे रंगकाम, मार्गदर्शक दत्तराव'. आकड्यांची चूक आपल्याच नजरेनं कशी टिपली, ते त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. वर म्हणाले, "साधी गोष्ट हाय, एसटीवर पाटी जायच्या गावची असती." टाळ्या पडल्या. तानुबाई मांडवाच्या खांबाआड उभ्या राहून ऐकत होत्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मला शाल-नारळ घ्यायला बोलावलं. मी शाल न घेता माईक घेतला.

"पाटीची गोष्ट तानुबाईंची हाय. ती सांगितली म्हणून सकाळी दत्तरावांनी त्यांना हाकललं. आकडे आमी तिघींनी फिरवले. ह्यांनी सही केली न्हाई."

कुणी टाळी वाजवली नाही. पाहुण्यांनी घड्याळ बघितलं आणि दत्तरावांनी चहा जाहीर केला.

बुधवारी मी तानुबाईंजवळ उभी होते. वारा पश्चिमेचाच होता. साक्षीच्या विमानानं एक घिरटी घातली, मग ते पूर्वेकडून आलं, २७वर टेकलं आणि निम्म्या पट्टीत थांबलं.

दत्तराव फोटोवाल्याला घेऊन पुढं धावले, हातात हार होता. साक्षी त्यांच्या बाजूनं तशीच चालत आली. घामानं निथळत होती.

"मावशी," ती तानुबाईंना म्हणाली, "तुमची पाटी वरून साफ दिसली."