खुब्यातले पाणी

अभिमन पाटलाच्या कमलचे लग्न झाले, ते १९९२ चे वर्ष. लग्न वैशाखात होते, पण धरणगावाजवळच्या त्यांच्या गावी चैत्रापासूनच ओसरीवर शेवया वळणाऱ्या बायकांची दाटी असे. शेवंताबाई मात्र मागच्या पडवीत एकट्या बसून गहू निवडायच्या.

शेवंताबाई म्हणजे अभिमनची विधवा चुलती. घरात सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांना मूलबाळ नव्हते. कमल जन्मली तेव्हा तिची आई पुष्पाबाई वर्षभर अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून कमलला अक्कांनीच वाढवले. तरी लग्नघरात विधवेने पुढे यायचे नाही, ही रीत. ती त्यांना कोणी सांगायची गरज पडली नाही.

दोन वर्षांपूर्वी अक्का मोरीत घसरल्या आणि खुबा मोडला. धुळ्याच्या हाडांच्या दवाखान्यात त्यांना स्टीलचा गोळा बसवला. वर्षभर बरे चालले. मग खुबा ठणकू लागला, मांडीला बारीक छिद्र पडून ते पाझरू लागले. अभिमन काही वाईट माणूस नव्हता. तो त्यांना धुळ्याला घेऊन गेला.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. "बसवलेल्या गोळ्याला जंतू शेवाळासारखे धरून बसतात. नुसते रक्त तपासून ते नक्की कळत नाही. सुईने सांध्यातले पाणी काढायचे, प्रयोगशाळेत बशीत ठेवायचे आणि काय उगवते ते पाहायचे. जंतू कोणता ते कळले की औषध ठरवता येते. पण पाणी काढायच्या आधी पंधरा दिवस एकही गोळी घ्यायची नाही. औषध अंगात असले तर बशीत काही उगवत नाही."

त्याच पंधरवड्यात सोयरे साखरपुड्याला यायचे होते. अक्कांचे लुगडे मांडीपाशी ओले होई आणि त्याला वास येई. पुष्पाबाईने फडताळातून मागे जखमेसाठी दिलेल्या, उरलेल्या कॅप्सूल काढल्या.

"डाक्टरनी गोया बंद करेल शेतस, पुष्पा," अक्का हळूच म्हणाल्या.

"माले ठावकं शे. पन सोयरा येतीन, वास येस. मांडव उठू द्या, मंग दखूत."

अक्कांनी कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली. दुसऱ्या दिवशीही गिळली. आठवड्यात छिद्र सुकले, वास गेला. साखरपुडा छान झाला.

धुळ्याला डॉक्टरांनी विचारले, मध्ये काही गोळ्या घेतल्या का. अभिमनला सगळे माहीत होते. तो खिडकीबाहेर पाहू लागला. अक्कांनी एकदा त्याच्याकडे पाहिले आणि त्याच म्हणाल्या, "नही डाक्टरसाहेब. काहीच नही." घरातली गोष्ट दवाखान्यात उघडी पडू नये, एवढेच त्यांच्या मनात होते. सुई खुब्यात गेली तेव्हा त्यांनी पदर दातात धरला.

बशीत काही उगवले नाही. पण डॉक्टरांचे समाधान होईना. पाण्यात पुवाच्या पेशी भरपूर आहेत, मग जंतू कसे नाहीत, पुन्हा पाणी काढू, लवकर घेऊन या, असे त्यांनी बजावले. अभिमनने मान हलवली. घरी येऊन त्याने अर्धेच सांगितले, की जंतू निघाले नाहीत.

ओसरीवर शेवया वळता वळता शेजारच्या भिकुबाईने टोमणा मारला, "अक्काले मांडवमा मान पायजे. म्हनीसन पाय दुखस." बायका हसल्या. पुष्पाबाईही हसली. पडवीपर्यंत ते ऐकू गेले. त्या दिवसापासून अक्कांनी कण्हणेही बंद केले.

मांडव पडला आणि दवाखान्याचे नाव कोणी काढेना. पाहुण्यांना जागा हवी म्हणून अक्कांची खाट खळ्यातल्या कापसाच्या खोलीत गेली. हळदीच्या दिवशी कमल सगळ्यांची नजर चुकवून तिथे आली. तिच्या हातात हळदीची वाटी होती. अक्कांनी आपल्या गालाला बोट लावावे, एवढेच तिला हवे होते.

अक्का भिंतीकडे सरकल्या. "हयद लागेल आंगवर मनाकडे येवानं नही, बाई. जाय."

कमल उंबऱ्यावर थोडी थांबली. मग मोठ्या माणसांचे ऐकायचे म्हणून परत गेली. दोन हात पुढे जाऊन तिने अक्कांच्या कपाळाला हात लावला असता, तर ताप तिला कळला असता.

वरात गेल्यावर अभिमन बुंदीचे ताट घेऊन खळ्यात आला. अक्का त्याला ओळखेनात. अंग तव्यासारखे तापले होते.

धुळ्याला खुबा उघडून गोळा काढावा लागला. त्याच्याभोवतीचे मांसाचे तुकडे प्रयोगशाळेत गेले. या वेळी बशी दाट भरून आली. पण तोवर विष रक्तात पसरले होते. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि अभिमनने कॅप्सूलचे सांगून टाकले.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "तुम्ही धूळपेरणी करता ना? पाऊस येईपर्यंत बी कोरड्या मातीत पडून राहते. वर काही दिसत नाही, म्हणून खाली बी नाही असे म्हणता का?"



अक्कांच्या दहाव्याला नदीवर माणसे जमली. आयुष्य तेवढेच होते, असे जो तो म्हणत होता. अभिमन ओल्या अंगाने उभा राहिला.

"आयुष्य व्हतं," तो म्हणाला. "पाय दुखस असं ती सांगे. आम्ही तिले गोया दिध्यात, डाक्टरले खोटं सांगं, आनि मांडव उठू दे म्हनत ऱ्हायनूत. मना धाकल्या पोरना लगनमा मानूसले मांगे ठेवानी हाई रीत मी पाळाव नही."

भिकुबाईने पदर तोंडावर ओढून घेतला. पुष्पाबाई वाळूकडे पाहत बसली होती. शेजारी कमल होती, तिच्या अंगाची हळद अजून उतरली नव्हती.

वाचकहो, आपल्या दारीही मांडव पडतात. तेव्हा मागच्या खोलीत कोण बसले आहे आणि त्यांना काय दुखते आहे, ते आपण विचारतो का?

शेवंताबाई झुलाल पाटील २९ मे १९९२ रोजी पहाटे धुळ्याला वारल्या.