सातव्या नमुन्याचा आवाज

या एका शोधनिबंधातून प्राध्यापकाला मिळवायचं होतं ते असं: दारावर पितळी पाटी, खिडकी असलेली खोली, हात टेकता येतील अशी खुर्ची, आणि चारचौघांत ओळख करून देताना सासऱ्यांनी "हे कॉलेजात असतात" असं म्हणणं बंद करणं. पहिल्या तीन गोष्टी विद्यापीठाच्या हातात होत्या. चौथी कोणाच्याच हातात नव्हती, पण बढती झाली की तीही आपसूक पदरात पडेल असा त्याचा हिशोब होता. जमेला एवढं सगळं, आणि भांडवल काय, तर लोकांचं घोरणं.

तो ध्वनिशास्त्र शिकवायचा. घोरण्याचे प्रकार पाडायचे आणि कोणत्या प्रकारात श्वास कुठे अडतो ते सांगायचं, हा त्याचा विषय. विषयात खोट नव्हती, अडचण घोरणाऱ्यांची होती. घोरणारा माणूस पावलोपावली भेटतो, कबूल करणारा भेटत नाही. ज्याला विचारावं तो बायकोकडे बोट दाखवायचा. शेवटी हातापाया पडून बाहेरचे सहा जण जमवले, आणि सातवे घरातच निघाले.

सातवे म्हणजे सासरे, अप्पा. रेडिओवरचे निवृत्त उद्घोषक. आवाज असा की त्यांनी नुसतं "मीठ द्या" म्हटलं तरी जेवणारे ताठ बसत. उभ्या नोकरीत त्यांनी सगळ्यांची नावं घेतली. गायकांची घेतली, वादकांची घेतली, मध्येच ठसका लागलेल्या वक्त्याचीही आदराने घेतली. पण उद्घोषकाने स्वतःचं नाव घ्यायचं नाही, असा त्या केंद्राचा दंडक. आवाज घरोघरी पोचला, कोणाचा ते कोणालाच कळलं नाही. निवृत्त होताना अप्पांनी ही सल घरी आणली आणि रोज सकाळच्या चहाबरोबर ती ते बाहेर काढत.

घोरण्याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. "मी घोरत नाही."

"रोज घोरता," आई, म्हणजे त्यांची बायको, तितक्याच ठामपणे म्हणायची.

"ज्याने आयुष्यभर श्वासावर ताबा ठेवला, तो घोरेल कसा?"

"ताबा जागेपणीचा. डोळा लागला की सोडता ना सगळं मोकळं."

वाद लग्नाइतकाच जुना होता. त्यामुळे जावयाने भीतभीत विचारलं तेव्हा अप्पांनी पाण्याचा पेलाही खाली न ठेवता होकार दिला. "लावा मायक्रोफोन. एकदाचा निकाल लागू दे. मायक्रोफोन मला नवा नाही, जावईबापू."

निकाल पहिल्याच झोपेत लागला. सातव्या नमुन्यापुढे बाकीचे सहा म्हणजे नुसते उसासे. आधी खोल खर्ज, मग चढत जाणारी गुरगुर, मग जीव टांगणीला लावणारी शांतता, आणि शेवटी एक बारीक, नाजूक शिट्टी. प्राध्यापकाला कानावरचे हेडफोन काढवेनात. पण हे अप्पांना सांगायचं कोणी? तो संशोधक होता, तसा जावईही होता.

"नमुना कोणाचा ते गुप्त ठेवावं लागतं, अप्पा."

"माझ्यापासूनही?"

"नियम आहे."

आपण निर्दोष सुटलो असा अप्पांनी याचा अर्थ लावला आणि बायकोकडे अशी नजर टाकली की तिने भाजीची परात उचलली आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

आता निबंध छापायचा कुठे? मासिकं दोन जातींची असतात. काही कुलूपबंद, म्हणजे वाचणाऱ्याने पैसे मोजायचे. काही खुली, म्हणजे जगाने फुकट वाचायचं आणि पैसे लिहिणाऱ्याने भरायचे. विद्यापीठ खुल्याला जास्त गुण देत होतं, आणि परवानगी जितकी सढळ तितके गुण अधिक. प्राध्यापकाने सगळ्यात सढळ परवानगीवर खूण केली: कोणीही न्यावं, कापावं, जोडावं, विकावं, फक्त लेखकाचं नाव लावावं.

त्याची बायको त्याच विद्यापीठात ग्रंथपाल होती. असल्या परवानग्या लोकांना समजावून सांगणं हीच तिची नोकरी. घरात मात्र तिला कोणी विचारत नसे.

"वाचलंस तरी का हे? धंद्यासाठीसुद्धा नेता येतं. तुला विचारायलाही येणार नाहीत. आणि एकदा दिलेली परवानगी परत घेता येत नाही."

"अगं, निबंध कोण नेतंय? वाचायला माणसं मिळत नाहीत."

"निबंधाचं नाही म्हणत. सोबत आवाजाच्या फायली जोडल्यास, त्यांचं म्हणतेय."

"घोरणं कोण नेणार? घरोघरी स्वतःचं आहे."

"अप्पांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, आवाज जितक्या कानांवर पडेल तितका चांगला."

राहता राहिली मासिकाची फी. विभागाकडे फळे पुसायच्या डस्टरांपुरते पैसे होते. प्राध्यापक पुन्हा अप्पांसमोर जाऊन उभा राहिला. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे लिहिलंत तुम्ही. तपासणार दुसरे प्राध्यापक, तेही फुकट. आणि छापायचे पैसे आपणच द्यायचे?"

"हो."

"मग तो मासिकवाला करतो काय?"

प्राध्यापकाने बराच विचार केला. "तो... खुलं करतो."

अप्पांनी पैसे दिले. जावयाचं भलं व्हावं म्हणून दिले आणि वर्षभर ते बोलून दाखवले. पण निबंध छापून आला, बढती झाली, पाटी लागली, खुर्ची आली, खिडकी आली. खिडकीतून सायकलींची शेड दिसायची, तरी खिडकी ती खिडकी. अप्पाही लोकांना सांगू लागले, "हे मोठे प्राध्यापक असतात." इथवर सगळा नफाच नफा.

खालच्या मजल्यावर एक घड्याळजी राहायचे. लोकांची दुरुस्तीची घड्याळं घरात ठेवून ते दिवसभर दुकानात बसत, त्यामुळे त्यांना चोरांची धास्ती. त्यांनी बाजारातून एक डबी आणून दाराच्या आत बसवली. बाहेर पाऊल वाजलं की डबीतून जनावर गुरगुरायचं.

अप्पा आणि आई बाजारातून पिशव्या घेऊन जिना चढत होते, आणि जनावर सुरू झालं.

अप्पा थबकले. घाबरून नव्हे, जाणकार थबकतो तसे. "काय खर्ज आहे!" ते कुजबुजले. मग मुद्दाम पाय आपटून त्यांनी ते मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "ऐकलंस? ही मधली शांतता बघ. असं थांबायला हिंमत लागते. हा आवाज कमावलेला आहे."

गुरगुर संपली, शिट्टी वाजली, आणि डबीतून एक गोड बाई बोलली. परवानगीची अट डबी बनवणाऱ्या कंपनीने इमानदारीने पाळली होती. "ध्वनी सौजन्य," असं म्हणून तिने जावयाचं संपूर्ण नाव पदवीसकट सांगितलं.

"जावईबापू?" अप्पांचा विश्वास बसेना. "हा आवाज त्यांचा? त्यांना तर दूधवाल्याला हाक मारता येत नाही!"

आईने पिशव्या पायरीवर ठेवल्या, कारण हसताना हातात ओझं नको. "अहो, शिट्टी ओळखली नाहीत? मी रोज ऐकते."

वर पोचेपर्यंत अप्पांचा चेहरा लाल झाला होता. जावई नेमका समोरच्याच खोलीत बसला होता.

"सातवा नमुना कोण?"

"मला सांगता येत नाही, अप्पा. नियम—"

"मला येतं," आई म्हणाली.

"तू गप्प बस. तो आवाज माझा नाही. आणि आधी ती डबी बंद करा. एखादा माणूस झोपला असताना त्याचा आवाज चोरून दाराला लावायचा? कोर्टात खेचतो मी त्यांना!"

ग्रंथपाल लेक पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, "चोरला नाही, अप्पा. परवानगी होती. त्यांना एकच अट होती, नाव लावायचं. त्यांनी लावलंय."

"पण चुकीचं लावलंय!"

खोलीत एकदम शांतता पसरली. नमुन्यातली मधली शांतता असते ना, अगदी तशी.

"मग बरोबर नाव कोणाचं?" आईने विचारलं. आवाज साखरेसारखा होता.

अप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. दोन्हीकडून काही मदत आली नाही. एका पारड्यात उभ्या संसारात न हरलेला वाद होता, दुसऱ्या पारड्यात उभ्या नोकरीत न मिळालेलं नाव. किती दुकानांत त्या डब्या गेल्या असतील, किती दारांमागे त्यांच्या आवाजापाठोपाठ जावयाचं नाव घेतलं जात असेल, याचा ते मनातल्या मनात हिशोब करत होते.

"बदलता येतं का ते?" शेवटी त्यांनी लेकीला विचारलं. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"मासिकाकडून दुरुस्ती छापून घेता येते. पण नमुन्याने स्वतःहून पुढे यायला हवं. 'तो मीच' असं सांगायला हवं. आणि ओळखणारा साक्षीदार लागेल."

"साक्षीदार कुठून आणायचा?"

आई आधीच चष्मा शोधायला उठली होती. "सही कुठे करायची ते सांग. पण आधी त्यांना म्हणू दे. मासिकाला नंतर, मला आधी."

"काय म्हणू?"

"तुम्हाला माहीत आहे काय ते."

अप्पा उभे राहिले. घसा साफ केला. स्टुडिओतला लाल दिवा लागल्यावर ओढायचे तसा सदरा खाली ओढला आणि रेडिओच्या शुद्ध, भारदस्त आवाजात म्हणाले, "मी घोरतो."

"पुन्हा एकदा," आई म्हणाली. "मध्ये घड्याळजींची डबी वाजली."

दुरुस्ती छापून आली. कंपनीला ही हकिकत कळली तेव्हा त्यांना गंमत वाटली, आणि नव्या डब्यांसाठी त्यांनी श्रेयाची ओळ खुद्द अप्पांकडूनच म्हणून घ्यायचं ठरवलं. अप्पा इस्त्रीचे कपडे घालून स्टुडिओत गेले. आयुष्यात पहिल्यांदा मायक्रोफोनवर त्यांनी स्वतःचं नाव घेतलं. समोर आलेल्या कागदावर त्यांनी आनंदात सही केली. इतक्या आनंदात माणूस वाचत नाही.

घरी आल्यावर ती ओळ फोनच्या घंटीला लावायची त्यांनी तयारी केली. लेकीने कागद वाचला आणि कपाळावर हात मारला.

"अप्पा, तुमचं घोरणं जगात कोणीही फुकट नेऊ शकतं. पण तुमचं नाव, तुमच्याच तोंडून, ते कंपनीच्या मालकीचं झालं. कंपनीला विचारल्याशिवाय तुम्हालाही लावता येणार नाही."

"मग मी ऐकायचं कसं?"

"डबी विकत घ्या."

तर झाला हिशोब असा. जावयाला पाटी मिळाली, खुर्ची मिळाली आणि खिडकी मिळाली. आता अप्पा त्याची ओळख "यांनी माझ्यावर संशोधन केलं" अशी करून देतात, तेव्हा चौथी बाब ना धड जमेत, ना धड बुडीत. मासिकाला फी मिळाली, ती अप्पांची. कंपनीला खप मिळाला, त्यातल्या दोन डब्या अप्पांनीच भर किमतीत आणल्या. एक त्यांनी ठेवली आणि एक घड्याळजींना भेट दिली. जुनीत नाव चुकीचं होतं ना.

आणि आई वाद जिंकली. दुपारी जेवणं उरकली की अप्पा आडवे होतात आणि मूळ प्रत सुरू होते. तेवढ्यात खाली घड्याळजींच्या बंद दारासमोर कोणी ना कोणी थांबतं आणि खुली प्रत सुरू होते. दोन्ही शिट्ट्या क्वचितच एका वेळी वाजतात. मग जिन्यातून अप्पांचा भारदस्त आवाज अप्पांचंच नाव सांगतो. पूर्वी आईची फक्त रात्रीची झोप जायची. आता ती दुपारीही उशी कानावर घेऊन जागीच असते.