वाळुंजाला बांधलेल्या विटा

मरोळच्या गावठाणात, नाल्याकाठच्या विहिरीला खेटून वाळुंजाचं एक झाड आहे. फ्रेडाच्या आजोबांच्या वेळी त्याच्या कोवळ्या फांद्यांच्या टोपल्या वळत आणि भातशेतीला नेत. आता भात गेला, टोपल्या गेल्या. पण लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका लुगडी नेसून, बँड वाजवत उंबराचं पाणी भरायला अजून याच विहिरीवर येतात. विहीर ढासळली नाही ती या झाडाच्या मुळांमुळे.

नाल्याला भिंत घालायची ठरली आणि झाड, विहीर दोन्ही तिच्या आड आली. फ्रेडाच्या नातीचं, ॲमांडाचं लग्न महिन्यावर होतं. झाडाची सरकारी नोंद झाली तर भिंत बाजूने वळवू, असं पालिकेचा साहेब म्हणाला.

मग गावठाणाला वाचवायला मृणालिनी आली. पर्यावरण-कला हा तिचा विषय. सोबत वीस जण, गळ्यात घराच्या भाड्याएवढे कॅमेरे. नाल्यातल्या पिशव्या फोटोत येतात म्हणून त्यांनी नाकं मुरडली, पिशवी मात्र एकानेही उचलली नाही. बाटलीने पाणी मारून पानांवर दंव पाडलं आणि तेवढ्याचेच फोटो काढले. अख्खं झाड फक्त मृणालिनीने काढलं, तेही कागदावर. फांद्या पार पाण्यापर्यंत लोंबलेल्या.

"बाय, हे कुठलं झाड?" फ्रेडाने विचारलं.

"आंटी, विलो! म्हणजे तुमचं वाळुंजच."

"आमचं तर ताठ उभं आहे."

"आर्ट आहे ना आंटी. विलो फांद्या खाली सोडून रडतो. जगभर रडतो."

"आमच्या झाडाला कुणी सांगितलं नाही वाटतं."

झाडाच्या नोंदीच्या अर्जाला तेच चित्र जोडलं गेलं. शनिवारी साहेब ते घेऊन आला, चित्राकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं आणि मान हलवली. "अर्जातलं झाड इथे नाही. हे कुठलं तरी रानटी झुडूप."

"अहो, हेच ते!" फ्रेडा म्हणाली.

"कागदाशी जुळायला नको? सोमवारी परत येतो. तेव्हा दाखवा, नाहीतर भिंत सरळ जाईल."

रविवारी चर्चमधली मिसा आटोपून फ्रेडाने पेटीतली पाच लुगडी काढली आणि शेजारच्या युस्टेसला हाक मारली. "विटा आण रे!"

"या वयात घर बांधतेस?"

"झाडाला रडवायचंय."

"खुळावलीस गं तू," म्हणत पंचाहत्तरीचा युस्टेस विटा घेऊन आला. दोघांनी फांद्यांना लुगडी बांधली, लुगड्यांत विटा. संध्याकाळपर्यंत झाड असं वाकलं, की जणू घरात मयत झालंय.

सोमवारी साहेबाने कागद धरून फांदीन् फांदी जुळवली. लुगडी त्याला दिसली. पण ती कागदावर नव्हती, तेव्हा त्यांच्याशी त्याचा संबंध नव्हता. खोडावर नंबराचा पत्रा ठोकून तो म्हणाला, "परवा का नाही दाखवलंत?"

"परवा त्याला काही दुःख नव्हतं, साहेब."

'कलेने वाचवलेला वृक्ष' या नावाने मृणालिनीचं प्रदर्शन अंधेरीत जोरात झालं. नंतर खऱ्या झाडाचा फोटो हवा म्हणून ती कॅमेरा घेऊन आली, नेमकी ॲमांडाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी. भिंत बाजूने वळेपर्यंत राखलेल्या गाठी फ्रेडा आता सोडत होती.

"आंटी, थांबा! फ्रेम जाईल ना!"

"जाऊ दे. लुगडी धुवायची आहेत. संध्याकाळी नेसून आम्हाला पाणी भरायचंय."

शेवटची वीट नाल्यात पडली. फांदी सपकन वर गेली आणि जाता जाता मृणालिनीची टोपी घेऊन गेली.

"घ्या बाय," फ्रेडा लुगड्याची घडी घालत म्हणाली, "आता याचं चित्र काढा."