कादीचा रविवारचा चहा

आमची कादी टीव्हीवर हवामान बघायची. पाऊस येणार म्हणाले की छपराखाली जाऊन बसायची, आणि ऊन पडणार म्हणाले तरी जाऊन बसायची. अकरा वर्षं मोएल लास डोंगरावर काढलेल्या मेंढीला टीव्हीवाल्यांपेक्षा जास्त कळतं. खोटं वाटत असेल तर इदवालला विचारा. तो म्हणेल, म्हातारी थापाडी आहे. ते मनावर घेऊ नका.

कादी शेजारच्या एमलिनची. एमलिन गेला तेव्हा त्याच्या कार्डिफवाल्या मुलानं अख्खा कळप बाजारात काढला. डोंगरावरच्या मेंढ्या डोंगरासकट द्यायच्या असतात, हे त्या शहाण्याला कोण सांगणार? वर ना कुंपण, ना भिंत. कुठवर चरायचं, वारा सुटला की कुठल्या खडकाआड बसायचं, हे आई कोकराला शिकवते. कळप गेला, सगळं गेलं. कादी तेवढी राहिली, कारण तिचे दात पडलेले, कोणी घेईना. मी घरी आणली. आम्हा दोघींचे मिळून सात दात. चहात बुडवलेलं बिस्कीट दोघींना चालतं.

एमलिनचा मुलगा जमीन झाडं लावणाऱ्या कंपनीला देणार होता. कंपनीनं अंग काढून घेतलं, तेव्हा आमच्या गावातल्या मारेदनं ती करारानं घेतली. सव्वीस वर्षांची पोरगी, एक कुत्रा आणि दुसऱ्या दरीतून आणलेल्या साठ मेंढ्या. सकाळी वर सोडल्या की दुपारी खाली गावात! चॅपलच्या दारातली फुलं खाल्ली. बसथांब्यावर अशा रांगेत उभ्या राहिल्या, की आठवड्यातून दोनदा येणारी आमची बस त्यांना घ्यायला थांबली. एक चढली म्हणतात. मी दोन मोजल्या.

डोंगर म्हणजे सगळ्या गावाचं सामाईक कुरण, आणि त्याच्या कमिटीचा अध्यक्ष इदवाल. तो माझ्याच स्वयंपाकघरात येऊन मारेदला म्हणाला, “शेवटचं सांगतो पोरी. अजून एकदा रस्त्यावर दिसल्या तर तुला डोंगर बंद.”

“इदवालकाका, दिवसभर वर हाकतेय हो मी.”

“मग नीट समजावून सांग त्यांना.”

“तुमच्या कमिटीला सांगून समजत नाही, मेंढ्यांना काय समजणार?”

माझा चहा नाकातून बाहेर आला. इदवाल लालबुंद होऊन निघून गेला. तो गेल्यावर मात्र पोरगी कादीच्या लोकरीत तोंड खुपसून रडली. “डोंगर गेला तर शेत परवडणार नाही, आजी. गाव सोडावं लागेल मला.”

मी कादीकडे बघितलं. कादी टीव्हीकडे बघत होती.

“हिला घेऊन जा वर. ती शिकवेल त्यांना,” मी म्हटलं.

“आणि तुम्ही एकट्या?”

“एकटी कसली? टीव्ही आहे की.”

कादीनं पहिल्याच दिवशी साठ जणींची शाळा भरवली म्हणे. एकीनं ओढा ओलांडला तर कादीनं तिला असं खोकून दाखवलं की ती परत आली. सोमवार ते शनिवार एक मेंढी खाली नाही. मी बिस्किटं एकटीच खाल्ली. गोड लागली नाहीत.

रविवारी तीन वाजता दारावर धडक. उघडते तर कादी. तिच्या मागे साठच्या साठ, ओळीनं! तिनं चहाची वेळसुद्धा शिकवली होती. आणि त्यांच्या मागे अडकलेली इदवालची गाडी.

“रस्त्यावर आल्या! मी डोळ्यांनी बघितलं!” इदवाल ओरडला.

“मी बोलावल्यात त्यांना चहाला. बिनबोलावता आलायस तो तू!”

मिशीत हसू आलं मेल्याला, पण दाबलं त्यानं. “पुढच्या रविवारी आल्या तर ऐकणार नाही हं, मावशी.”

“नाही येणार. मी जाईन.”

तेव्हापासून दर रविवारी मी वर जाते. वय एक्क्याऐंशी, एक गुडघा धातूचा, पिशवीत थर्मास आणि बिस्किटं. मारेद हात धरते. आता इदवालही येतो, देखरेखीला म्हणे. तीन बिस्किटं खातो.

परवा वर पोचलो आणि एकदम वारा सुटला. मारेद ओरडली, “आजी, इकडे या!” पण मी आधीच खडकाआड बसले होते. कादी थोडी सरकली आणि तिनं मला जागा दिली.