तीन गैरहजेऱ्या

आमच्या गावात, कुएन्का शहराच्या वरच्या डोंगरात, मिंगा म्हणजे गावकीचं श्रमदान असलं की घरटी एक माणूस फावडं घेऊन कालवा साफ करायला येतो. नाही आला तर वहीत गैरहजर. अशा तीन गैरहजेऱ्या झाल्या की पाणी-समितीतून नाव कटतं. ती वही माझ्याकडे. सतरा वर्षं सेक्रेटरी आहे, उगीच नाही.

एफ्राइन तामारिस सर शहरात एकतीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून आमच्यात राहायला आले. नदीलाही हक्क असतो, हे पटवून देण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. लोक टिंगल करायचे म्हणे, पण गडी हटला नाही. आता नदी नासवणाऱ्या खाणीविरुद्धच्या खटल्यात गावातर्फे तेच बोलणार होते. सगळे खूश. मी नाही. शिकलेला माणूस एवढं गोड बोलायला लागला की मला आधी शंका येते.

त्यात मी त्यांना खाणीच्या पांढऱ्या गाडीतून उतरताना पाहिलं. एकदा नाही, दोनदा!

"लिबोरियो, कुठेतरी पाणी मुरतंय," मी समितीच्या अध्यक्षाला म्हटलं.

"बाई गं, तुला देव भेटला तरी आधी त्याचं ओळखपत्र मागशील," तो हसला.

हसू दे मेल्याला. सर मिंगाला यायचे, गुडघाभर गाळात राबायचे, पण संध्याकाळी हजेरी पुकारायच्या आत ती गाडी त्यांना घेऊन जायची. मी तिन्ही वेळा 'गैरहजर' लिहिलं. खरं सांगते, लवकर गेलेल्याला एरवी मी हजरच धरते. यांना नाही धरलं.

खटल्याच्या दिवशी सरांनी कोर्टाच्या दारातच कागदांचा गठ्ठा दाखवला. "त्या गाडीचा ड्रायव्हर विल्सन माझा जुना विद्यार्थी. खाणीनेच केलेली नदीच्या पाण्याची तपासणी आहे ही. नोकरी धोक्यात घालून संध्याकाळी गाडीतच एकेक पान हाती दिलं पोरानं."

आणि मी त्यांना तीनदा गैरहजर लिहून बसले होते.

आत कोर्टासमोर आमची वही होतीच. चाळीस वर्षं कालवा आम्ही राखतोय, याचा तेवढाच पुरावा. खाणीचा वकील तीच उघडून उभा राहिला. "आज फक्त सभासदांचं ऐकायचं ठरलंय. या गृहस्थांच्या तर तीन गैरहजेऱ्या आहेत!"

न्यायाधीशबाई माझ्याकडे वळल्या. "सेक्रेटरी, ही नोंद खरी आहे?"

खोटी म्हटलं तर अख्खी वही खोटी ठरणार, आणि वही गेली की पाणी गेलं. खरी म्हटलं तर सरांना बोलता येणार नाही.

सर उठले. माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांना कळलं सगळं.

"नोंद बरोबर आहे," ते म्हणाले. "मी नव्हतो आलो."

कागद लिबोरियोच्या हातात देऊन ते मागे बाकावर जाऊन बसले. लिबोरियो अडखळत वाचायला लागला, पण न्यायाधीशबाईंनी त्याला थांबवून मला पुन्हा विचारलं. जन्मभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेला माणूस माझ्या पापापायी भर कोर्टात खोटं बोलला होता, आणि मी मान खाली घालून म्हटलं, "हो, खरी आहे."